आधी मोहोर, मग मजकूर



आमच्या घरात आजोबांची एक आठवण अजून सांगितली जाते. निजामाच्या राज्यात सरकारी कागद उर्दूत असायचे आणि शेती करणारी माणसं मराठी बोलायची. कोर्टाचं समन्स असो की शेतसाऱ्याची नोटीस, हातात आलेला कागद ज्याचा त्याला वाचता यायचा नाही. मग लोक तो कागद रुमालात गुंडाळून, ज्याला उर्दू वाचता येतं त्याच्या ओट्यावर येऊन बसायचे. आमचे आजोबा असेच एक वाचणारे होते. कागद हातात आला की ते लगेच वाचायला सुरुवात करत नसत. आधी तो उलटासुलटा करून बघायचे. मोहोर कुठं आहे, कोणत्या कचेरीची आहे, खाली सही कुणाची आहे. समोरचा माणूस घाईला आलेला असायचा. तो म्हणायचा, "मियाँ, काय लिहिलंय ते तर सांगा." आजोबा म्हणायचे, "आधी मोहोर, मग मजकूर. मजकूर काय, कुणीही लिहील."

ही आठवण मी कितीतरी जणांना मोठ्या कौतुकानं ऐकवली आहे. पण माझ्यावर वेळ आली तेव्हा मी आधी मजकूर वाचला आणि मोहोर बघायची विसरलो.

त्याचं असं झालं. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना राज्य सरकार दरमहा मानधन देतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. २०२४ च्या उन्हाळ्यात मला मोबाइलवर एक मेसेज आला. "अभिनंदन! मानधनासाठी आपली निवड झाली आहे. खालील लिंकवर माहिती भरा." आणि वर माझं पूर्ण नाव, अगदी बरोबर. आता गंमत ऐका. मराठीत कविता लिहिणारा मी मुसलमान माणूस. कविसंमेलनांच्या पत्रिकांवर माझं नाव किती तऱ्हांनी चुकीचं छापलं गेलं, त्याचा हिशेब मी ठेवणं सोडून दिलंय. आणि इथं काना, मात्रा, नुक्ता सगळं जागच्या जागी! मला वाटलं, सरकारनं आपल्याला ओळखलं. लिंक दाबली. वर तीन सिंहांचं चिन्ह, खाली मंत्र्यांचे फोटो, रीतसर अर्ज. नाव, आधार क्रमांक, बँकेचं खातं, सगळं भरलं. शेवटी "प्रक्रिया शुल्क ४९९ रुपये". तेही भरलं.

मानधन आलं नाही. आठवड्याभरानं ती वेबसाइटही उघडेना. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पण मी कुणालाच बोललो नाही, घरातही नाही. बी.ए. झालेला, चारचौघांत कविता वाचणारा माणूस असा फसला, हे सांगायचं कसं? पाचशे रुपयांत धडा मिळाला, असं म्हणून गप्प बसलो.

त्या गप्प बसण्याची किंमत पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी मोजली.

सप्टेंबर २०२५ चे दिवस आठवा. आपल्या धाराशिव जिल्ह्यात पावसानं होत्याचं नव्हतं केलं होतं. भूम-परांड्याकडे पुरानं शेतंच्या शेतं खरवडून नेली होती. त्याच महिन्यात लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची घोषणा झाली. महिन्याला दीड हजार रुपये मिळवणाऱ्या बायांनी दोन महिन्यांत आपली ओळख पुन्हा पटवून द्यायची होती. ही मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, पण सुरुवातीला ते कुणाला ठाऊक होतं? सगळ्याजणी एकदम तुटून पडल्या. सरकारी वेबसाइट उघडायला वेळ लागे, ओटीपी यायचा नाही. मग बायका गुगलवर शोधायला लागल्या, आणि योजनेच्या नावाच्या बनावट वेबसाइट त्यांची वाटच बघत होत्या. त्याच्या बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांतून येत होत्या.

इथं लोहाऱ्यात आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत. मुलीला नर्सिंगला घालायचं म्हणून योजनेचे पैसे त्या खात्यातच साठवत होत्या. कुठल्याशा ग्रुपवर त्यांना लिंक मिळाली : "सर्व्हर चालू आहे, लगेच ई-केवायसी करा." त्यांनी आधार क्रमांक टाकला. मग पानानं "खातं पडताळणीसाठी" एटीएम कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे मागितले. ते दिले. ओटीपी आला, तोही दिला. नऊ हजार चारशे रुपये गेले. चार दिवसांनी त्या माझ्याकडे आल्या. "चाचा, तुम्ही शिकलेले आहात, बघा बरं यात काय होतंय." धीर द्यायचा म्हणून मी सांगून टाकलं, की ताई, माझेही असेच गेले होते. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमचे पण गेले होते? मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

मला उत्तर देता आलं नाही. आजचं हे बोलणं म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

तर मुद्द्याला येतो. कागदाला मोहोर असायची, तशी वेबसाइटची मोहोर कोणती? आपण बघतो ते चिन्ह, रंग, मंत्र्यांचे फोटो. ती मोहोर नव्हे, तो मजकूर झाला. खऱ्या वेबसाइटचं पान जसंच्या तसं उचलून दुसरीकडे चिकटवायला जाणकाराला घटकाभर पुरते. ज्याची नक्कल करता येत नाही अशी एकच गोष्ट त्या पानावर असते. ती म्हणजे वरच्या पट्टीतला पत्ता. एका पत्त्याचा मालक एकच असतो.

हा पत्ता वाचायला मला माझ्या भाचीनं शिकवलं. ती उमरग्याला कॉलेजात आहे. ती म्हणाली, "मामू, वेबसाइटचा पत्ता डावीकडून वाचायचा नाही. पहिली तिरकी रेघ शोधायची, आणि तिथून मागं, उजवीकडून डावीकडे यायचं." मी म्हटलं, "अगं, मग हे तर उर्दूसारखंच झालं!" लहानपणी सकाळी मौलवीसाहेब उजवीकडून डावीकडे गिरवून घ्यायचे आणि दुपारी गुरुजी डावीकडून उजवीकडे. त्या दोन्हींचा असा एकत्र उपयोग होईल, असं कधी वाटलं नव्हतं.

ज्यांना उर्दू येत नाही त्यांनी पोस्टाचा पत्ता डोळ्यांसमोर आणावा. आपण आधी माणसाचं नाव लिहितो, मग गल्ली, मग मुक्काम पोस्ट, तालुका आणि शेवटी जिल्हा. म्हणजे लहानाकडून मोठ्याकडे. पोस्टातला माणूस पत्र वाटणीला घेतो तेव्हा आधी शेवटचं बघतो : जिल्हा कोणता, तालुका कोणता. वेबसाइटचा पत्ताही असाच असतो. सुरुवातीच्या "एचटीटीपीएस" नंतर ज्या दोन तिरक्या रेघा येतात त्या सोडून द्या. त्यानंतर येणारी पहिली एकटी तिरकी रेघ म्हणजे पत्ता संपल्याची खूण. तिच्या अगोदरचे शेवटचे एकदोन शब्द म्हणजे जिल्हा, आणि त्याला लागून डावीकडे जो शब्द असतो तो खरा मालक.

लाडकी बहीण योजनेचा खरा पत्ता बघा : लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन. मागून वाचा. "जीओव्ही डॉट इन" म्हणजे भारत सरकारचा जिल्हा. त्याच्या डावीकडे "महाराष्ट्र", म्हणजे राज्य शासन मालक. त्याच्या डावीकडे योजना. आता दुसरा पत्ता घ्या : लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम. सुरुवात तीच, अक्षरही बदललेलं नाही. पण मागून वाचलं की आधी "कॉम" येतं, मग "अमुकतमुक". मालक अमुकतमुक. पुढचं सगळं त्यानं आपल्या दारावर रंगवलेलं नाव. एखाद्यानं घरावर "तुळजाभवानी निवास" अशी पाटी लावली म्हणून ते तुळजापूरचं देऊळ होत नाही, तसंच हे.

तिसरा प्रकार तिरक्या रेघेचा. अमुकतमुक डॉट कॉम, मग तिरकी रेघ, मग महाराष्ट्र-शासन. रेघेनंतर मालकाला वाटेल ते लिहिता येतं. तो घराच्या आतल्या खोलीचा पत्ता, त्याला किंमत नाही. चौथा प्रकार सगळ्यांत फसवा, कारण त्यात एका टिंबाचा खेळ असतो. "महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन" यात जीओव्हीच्या अगोदर टिंब आहे. टिंबाऐवजी तिथं आडवी छोटी रेघ आली, तर "महाराष्ट्र-जीओव्ही" हा एकच जोडशब्द होतो, आणि असं नाव सरकारचं असत नाही. टिंब असेल तर शासन, रेघ असेल तर कुणीही. मराठी शाळेत अनुस्वाराच्या एका टिंबासाठी आपण छड्या खाल्ल्या आहेत. इथं त्याच टिंबासाठी खातं रिकामं होतं.

हे शेवटचे शब्द एवढे महत्त्वाचे का, तेही सांगतो. "डॉट कॉम", "डॉट इन", "डॉट ओआरजी" ही नावं जगातला कुणीही माणूस वर्षाला काही शे-हजार रुपये भरून घेऊ शकतो. "जीओव्ही डॉट इन" मात्र बाजारात मिळत नाही. ते फक्त सरकारी कार्यालयांनाच दिलं जातं, आणि त्याची नोंदणी केंद्र सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, बघतं. आपल्या जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. जिल्हा प्रशासनाच्या वेबसाइटच्या पत्त्यातही आता धाराशिव आलं आहे. पुढचं नाव बदललं, पण शेवट तोच राहिला. म्हणून भरवसा ठेवायचा तो शेवटावर.

शेतकऱ्यांच्या बाबतीतली गोष्ट याहून बोलकी आहे. सौर पंपांसाठी केंद्र सरकारनं २०१९ मध्ये कुसुम योजना आणली. आपल्याकडे पंपाच्या किमतीतला दहा टक्के वाटा शेतकऱ्यानं भरायचा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के. म्हणजे पैसे खरोखरच भरावे लागतात. चोरांना हेच सोयीचं पडलं. योजनेच्या नावाच्या बनावट वेबसाइट निघाल्या आणि त्या नोंदणीचे आणि पंपाचे पैसे घेऊ लागल्या. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला त्यांची नावं जाहीर करून पुन्हा पुन्हा इशारे द्यावे लागले. त्या यादीतल्या एका पत्त्यात "कुसुम" नव्हतं, "कुसम" होतं. इंग्रजीत एका "यू" च्या जागी "ए". आपल्या भाषेत सांगायचं तर एक उकार पळवलेला. बाकी काही नावांचा शेवट "सीओ डॉट इन", काहींचा "ओआरजी डॉट इन", एकाचा तर "इन डॉट नेट". वाचताना अगदी सरकारी वाटावं असं. पण "जीओव्ही" एकातही नाही.

कवी म्हणून मला वाटायचं, अक्षरांवर माझी नजर पक्की आहे. "धडा" आणि "घडा" यांतला फरक मला झोपेतही कळेल. पण इंग्रजीत लहान "आर" आणि "एन" चिकटून लिहिले की ते "एम" सारखे दिसतात. लहान "एल" आणि एकचा आकडा, "ओ" आणि शून्य, ही जुळी भावंडं. मराठीतली शुद्धलेखनाची चूक आपल्याला चटकन खुपते, इंग्रजी पत्त्यातली खुपत नाही. म्हणून फसलेल्या माणसाला अडाणी म्हणून हसू नये. त्याची अडचण बुद्धीची नाही, लिपीची आहे. २०१४ मध्ये "डॉट भारत" हा देवनागरी शेवट सुरू झाला, म्हणजे आपल्या लिपीतही पत्ता घेता येतो. पण ज्या योजनांसाठी खेड्यातली बाई फोन हातात धरते, त्यांचे पत्ते अजून इंग्रजी अक्षरांतच आहेत. आजोबांच्या काळात कागद एका लिपीत आणि माणूस दुसऱ्या लिपीत होता. आजही तसंच आहे, फक्त कागदाची लिपी बदलली.

आता तुम्ही म्हणाल, मग "जीओव्ही डॉट इन" नसेल ती प्रत्येक वेबसाइट खोटी का? नाही. महावितरणचा पत्ता महाडिस्कॉम डॉट इन असा आहे, त्यात "जीओव्ही" नाही, तरी तो खरा. अशा ठिकाणी पत्ता कागदावरून घ्यायचा. विजेच्या बिलावर, बँकेच्या पासबुकावर छापलेला पत्ता आपण स्वतः अक्षर-अक्षर टाकायचा. बँकांच्या बाबतीत एक चांगली गोष्ट झाली आहे. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना आपल्या वेबसाइटचा शेवट "बँक डॉट इन" असा करायला सांगितलं, आणि त्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. स्टेट बँकेचा पत्ता आता एसबीआय डॉट बँक डॉट इन असा आहे. हा शेवट बँकांखेरीज कुणाला मिळत नाही. तुमच्या जुन्या पासबुकावर जुना पत्ता असेल, तर शाखेत जाऊन नवा विचारून घ्या आणि पासबुकावर पेनानं लिहून ठेवा.

एक गैरसमज दूर करतो. पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र असलं की वेबसाइट खरी, असं पूर्वी सांगितलं जायचं. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुम्ही भरलेली माहिती वाटेत कुणाला वाचता येणार नाही. पाकीट बंद आहे. पण पाकीट पोचतं कुणाच्या हाती, ते कुलूप सांगत नाही. ते चोराच्या हातीसुद्धा बंदच पोचेल. अशी कुलपं २०१५-१६ पासून फुकट मिळायला लागली आणि चोरांनीही ती लावली. शेवटी गुगलनं २०२३ मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून ते कुलपाचं चित्रच काढून टाकलं. तेव्हा कुलूप बघून निर्धास्त होऊ नका.

पत्ता कसा वाचायचा ते झालं. आता तो पत्ता तुमच्यापर्यंत येतो कसा, ते बघू. २०२२ मध्ये पुष्कळांना एक मेसेज आला होता : "मागचं बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल." खाली कुणाचा तरी दहा आकडी मोबाइल नंबर. त्यावर फोन केला की समोरचा एखादं ॲप घ्यायला सांगायचा आणि खातं साफ व्हायचं. महावितरणला तेव्हा सांगावं लागलं, की आमचे मेसेज असल्या खासगी नंबरावरून येत नसतात. यातली युक्ती ओळखा. आधी भीती किंवा लालूच, मग घाई, आणि मग लिंक किंवा नंबर. वीज जाणार, हप्ता बंद होणार, खातं गोठणार, नाहीतर बक्षीस लागलं. माझ्या बाबतीत मानाची लालूच होती. चोराला तुमच्याकडून पहिल्यांदा पैसे नको असतात, त्याला तुमची घाई हवी असते.

मेसेज पाठवणाऱ्याचं नावही नीट बघा. बँका आणि सरकारी खाती यांच्या एसएमएसवर दहा आकडी नंबर नसतो, इंग्रजी अक्षरांतलं नाव असतं. २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी आडवी रेघ आणि एक अक्षर येऊ लागलं आहे. सरकारी मेसेजला "जी", बँकेच्या व्यवहाराला "टी", सेवेच्या मेसेजला "एस", जाहिरातीला "पी". साध्या मोबाइल नंबरावरून बँकेच्या किंवा सरकारच्या नावानं लिंक आली, की ती पुसून टाका. ओळखीच्या माणसाकडून व्हॉट्सॲपवर आली तरी ती खरी ठरत नाही. त्या बिचाऱ्यानंही न वाचताच पुढे ढकललेली असते, किंवा त्याचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो.

आणि एक धोका तर पत्त्याशिवायच येतो. व्हॉट्सॲपवर एखादी फाइल येते. नाव "पीएम किसान", "आरटीओ चलान", नाहीतर "लग्नपत्रिका". नावाच्या शेवटी टिंब आणि तीन अक्षरं : ए, पी, के. ही पत्रिका नाही, कागद नाही, ते एक ॲप आहे. दाबलं, "परवानगी द्या" म्हटलं आणि आपण दिली, की ते तुमचे मेसेज वाचायला लागतं. मग ओटीपी तुम्ही सांगायचीही गरज उरत नाही. लग्नपत्रिका फोटो असते, फार तर पीडीएफ असते. ती ॲप असूच शकत नाही. ज्या घरचं लग्न, त्या घरी फोन करून विचारा. बोलणंही होईल.

गुगलवर शोधतानाही असाच एक खड्डा आहे. सगळ्यांत वर येतं ते सगळ्यांत खरं, असं आपण धरून चालतो. पण वरच्या एकदोन जागा पैसे देऊन घेतलेल्या असू शकतात. तिथं बारीक अक्षरांत "प्रायोजित" असं लिहिलेलं असतं. बाजारात पुढं मांडलेलं गाठोडं घेण्याआधी आपण माल उलटून बघतो, तसं इथंही खाली जाऊन बघावं.

या सगळ्याचं सार मी माझ्यापुरतं एका नियमात बसवलं आहे : त्यानं दाखवलेल्या वाटेनं जायचं नाही, आपल्या वाटेनं जायचं. मेसेज खरा असला तरी त्यातली लिंक दाबायची नाही. हप्ता अडकला असेल, तर योजनेचा पत्ता स्वतः टाकून बघायचा. स्वतःला जमत नसेल तर अंगणवाडीताईंना, तलाठी कार्यालयात किंवा सेवा केंद्रात विचारायचं. वेळ लागेल, खेप पडेल. पण खरी वेबसाइट उद्याही तिथंच असते, उद्या नसते ती खोटी. आणि एक लक्षात ठेवा, लाडकी बहीणच्या खऱ्या ई-केवायसीत आधार क्रमांक आणि त्यावरचा ओटीपी लागत होता, पैसे लागत नव्हते आणि एटीएम कार्डाचा नंबरही लागत नव्हता. ज्या पानाला तुमच्या कार्डाच्या मागचे तीन आकडे हवे असतात, त्याला तुमची ओळख नको असते, तुमचे पैसे हवे असतात.

एवढं करूनही फसलात तर? तर त्याच क्षणी १९३० हा नंबर लावा. फसवणुकीचे पैसे वाटेत अडवण्यासाठीच तो आहे. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत असतो. ते बाहेर काढले जाण्याआधी खबर लागली तर ते तिथल्या तिथं गोठवता येतात. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या वेबसाइटवरही तक्रार नोंदवता येते, आणि हा पत्ता कसा वाचायचा ते आता तुम्हाला कळलं आहे. लगेच बँकेलाही कळवा, कार्ड बंद करा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना घालून दिलं होतं, की ओटीपी देण्यासारखी चूक ग्राहकाची असेल तर तोपर्यंतचं नुकसान त्याचं, पण त्यानं कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे कळवण्यातला एकेक तास मोलाचा असतो.

आमच्या ताईंनी चार दिवस घालवले. का? तर घरात बोलणी खावी लागतील म्हणून. मी तर वर्ष घालवलं. त्यांचे पैसे परत आले नाहीत, हे मला इथं सांगितलंच पाहिजे. मुलीचा प्रवेश एका वर्षानं पुढं गेला आहे. मी माझी ४९९ रुपयांची फजिती त्याच आठवड्यात गल्लीत हसत हसत सांगितली असती, तर कदाचित ती लिंक दाबण्याआधी त्यांनी विचारलं असतं, "चाचा, हे तसलंच तर नाही?"

आता आमच्या ओट्यावर पुन्हा माणसं येऊन बसायला लागली आहेत. त्यांच्या हातात रुमालात गुंडाळलेला कागद नसतो, फोन असतो. मी चष्मा लावतो, वरच्या पट्टीवर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडतो, आणि उजवीकडून डावीकडे वाचून दाखवतो. परवा त्याच ताई त्यांच्या बहिणीला घेऊन आल्या होत्या. बहिणीच्या फोनवर पीक नुकसानीच्या मदतीची कसलीशी लिंक आलेली. मी फोन हातात घेण्याआधीच ताईंनी तो घेतला, पट्टीवर बोट ठेवलं, शेवटापासून एकेक अक्षर लावत मागं आल्या आणि म्हणाल्या, "जीओव्ही नाही गं यात. पूस ते."

मी नुसता बघत बसलो होतो.

(नभोभाषणावरून संपादित)